दादरची एक शाळा आणि तिचे खेळाडू

धुळें शहरांतून पांझरा नदीचा पूल ओलांडला कीं देवपूर लागतें. अलीकडे जुनी पेठ, तिचा बाजार आणि तिचीं देवळें. पलीकडे शाळा, महाविद्यालयें, आणि खानदेशच्या खेड्यापाड्यांतून शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं आलेल्या कुटुंबांचीं घरें. शहराला लागून वाढलेली अशी वस्ती आज महाराष्ट्रांतील बहुतेक मोठ्या गांवांना आहे. जुन्या गांवापाशीं सांगण्यासारख्या पुष्कळ गोष्टी असतात. उपनगरापाशीं त्या नसतात; कारण तेथें आलेला प्रत्येक जण आपल्या कुळाचा इतिहास मूळ गांवींच ठेवून आलेला असतो. म्हणून उपनगराचें पहिलें सार्वजनिक भूषण म्हणजे बहुधा त्याची शाळा, आणि उपनगराला पहिला अभिमान वाटतो तो त्या शाळेंतून बाहेर पडलेल्या मुलांचा. या मुलांत परीक्षेंत चमकलेले असतात, तसे मैदान गाजविणारेहि असतात. आणि खरें सांगावयाचें तर लोकांच्या तोंडीं राहतात तीं नांवें मैदान गाजविणाऱ्यांचीं.

परंतु शाळेनें ज्यांचा अभिमान धरावयाचा ते खेळाडू कोणते? ज्यांच्या नांवापुढें धांवा लिहिल्या गेल्या तेवढेच, कीं ज्यांच्या नांवापुढें कांहींच लिहिलें गेलें नाहीं तेहि? हा प्रश्न देवपुरांतील शाळेला जितका लागू तितकाच महाराष्ट्रांतील कोणत्याहि शाळेला लागू आहे. तथापि त्याचें उत्तर शोधण्यास सर्वांत सोयीचें ठिकाण म्हणजे मुंबईंतील दादर, आणि दादरमधील शारदाश्रम विद्यामंदिर ही शाळा.

दादर आज मुंबईच्या ऐन मध्यावर आलें आहे. सव्वाशें वर्षांपूर्वीं तें शहराबाहेर होतें. १८९६ सालीं मुंबईंत ग्रंथिज्वराची सांथ आली. कोट, मांडवी, गिरगांव या भागांतील कोंदट चाळींतून माणसें पटापट दगावूं लागलीं, हजारों कुटुंबें गांवाकडे पळालीं, आणि शहर दाटीवाटीनें वसविण्याचा परिणाम काय होतो हें सरकारच्याहि ध्यानांत आलें. १८९८ सालीं कायदा करून सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट नांवाची संस्था स्थापन झाली. तिनें १८९९-१९०० च्या सुमारास दादर, माटुंगा, वडाळा आणि शीव या भागांत रुंद रस्त्यांची, हवेशीर घरांची आणि मोकळ्या जागांची वसाहत आंखली. भाताचीं खाचरें आणि नारळीच्या वाड्या जाऊन तेथें कारकून, शिक्षक, वकील, छापखान्यांतले नोकर अशा मध्यमवर्गाचीं बिऱ्हाडें आलीं. बिऱ्हाडांमागोमाग शाळा आल्या. हिंदु कॉलनींतील किंग जॉर्ज शाळा, म्हणजेच आजचें राजा शिवाजी विद्यालय, १९१२ सालची. शिवाजी पार्कजवळचें बालमोहन विद्यामंदिर १९४० सालचें. शारदाश्रम हें याच मालिकेंतलें.

या वसाहतीच्या पश्चिम अंगाला, समुद्रापासून हांकेच्या अंतरावर, नगरपालिकेनें १९२५ सालीं एक विस्तीर्ण मैदान लोकांना खुलें केलें. दोन वर्षांनीं, म्हणजे शिवजन्माला तीनशें वर्षें होत असतांना, नगरपालिकेच्या सभासद अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून त्याला शिवाजी पार्क हें नांव मिळालें. सुमारें २८ एकरांचें हें मैदान कोणा एका संस्थेचें नाहीं, एका जातीच्या जिमखान्याचें नाहीं आणि कोणत्याहि शाळेचें नाहीं. ही गोष्ट वरवर किरकोळ वाटते. परंतु पुढील सर्व इतिहास तिच्यावर उभा आहे. मुंबईच्या दक्षिण टोंकाला समुद्राकांठीं जे जिमखाने होते ते हिंदूंचे, पारशांचे, मुसलमानांचे असे वेगवेगळे होते, आणि त्यांत प्रवेश मिळण्यास पैसा व ओळख दोन्ही लागत. दादरच्या मैदानाला कुंपणाऐवजीं एक ठेंगणा कट्टा होता. त्या कट्ट्यावरून उडी मारून आंत जाण्यास कोणाची परवानगी लागत नसे. जुन्या संस्थांना स्वतःचीं पटांगणें होतीं. उपनगरांतील शाळांना वर्गखोल्या पुरतांना मारामार. ज्या शाळेला मैदान नाहीं तिचा विद्यार्थी मैदानावर नांव काढतो, हा चमत्कार नव्हे. नगरानें आपल्या मुलांसाठीं जागा राखून ठेवली त्याचें हें फळ आहे.

मैदानाइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे शालेय सामन्यांची परंपरा. मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड हॅरिस हा स्वतः इंग्लंडचा नामांकित क्रिकेटपटू. १८९० ते १८९५ हा त्याच्या कारकीर्दीचा काळ. त्याच्या नांवाची ढाल मोठ्या मुलांच्या आंतरशालेय सामन्यांसाठीं आणि जाइल्स यांच्या नांवाची ढाल धाकट्या मुलांसाठीं, अशा दोन स्पर्धा मुंबईंत सुरू झाल्या व आजतागायत चालू आहेत. या ढालींचें वैशिष्ट्य असें कीं, सामना एका दुपारींत आटपत नाहीं. डाव दिवसदिवस चालतो. बारा-चौदा वर्षांच्या मुलाला उन्हांत उभें राहून वाट पाहण्याची, थकवा सोसण्याची आणि मन एकाग्र ठेवण्याची संवय तेथेंच लागते. सुनील गावसकर हे अशाच शालेय सामन्यांतून, सेंट झेवियर्स शाळेकडून खेळतां खेळतां पुढें आले. १९७१ सालीं वेस्ट इंडीजमध्यें त्यांनीं पहिल्याच मालिकेंत ७७४ धांवा काढल्या, तेव्हां त्या यशाचा पाया शाळेच्या दप्तरासोबतच घातला गेला होता.

मैदान होतें, ढाली होत्या. उणीव होती ती शिकविणाऱ्याची. ती रमाकांत आचरेकर यांनीं भरून काढली. आचरेकरांचा जन्म १९३२ सालचा. स्टेट बँकेंत ते नोकरीला होते. खेळाडू म्हणून त्यांच्या नांवावर प्रथम श्रेणीचा एकच सामना आहे. तो १९६३-६४ च्या हंगामांत बँकेच्या संघाकडून हैदराबादविरुद्ध झाला. ज्याला स्वतःला मोठा डाव खेळावयास मिळाला नाहीं, त्यानें आपलें उरलेलें आयुष्य इतरांचे डाव उभे करण्यांत घालविलें. सकाळीं व संध्याकाळीं शिवाजी पार्कवर जाळ्यांतील सराव, मध्यंतरीं नोकरी, असा त्यांचा नेम असे. शारदाश्रमाच्या संघाला ते शिकवीत आणि कामत मेमोरियल क्लब या नांवानें मुलांना सामनेहि मिळवून देत. १९८३ सालीं विश्वचषक जिंकणाऱ्या संघांतील बलविंदरसिंग संधू, यष्टिरक्षक चंद्रकांत पंडित, लालचंद राजपूत हे त्यांचे शिष्य. प्रवीण आमरे हे शारदाश्रमाचे. त्यांनीं नोव्हेंबर १९९२ मध्यें दर्बान येथें पहिल्याच कसोटींत शतक केलें.

आचरेकरांची शिकविण्याची रीत पुस्तकी नव्हती. मुलगा कांहीं शिकावयाचा असेल तर तो सामन्यांत शिकेल, असा त्यांचा विश्वास. म्हणून ते आवडत्या शिष्याला आपल्या स्कूटरवर मागें बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत आणि एकाच दिवशीं दोन-दोन, तीन-तीन संघांतून त्याला फलंदाजी करावयास लावीत. दिवस मावळतीला आला, पाय थकले, म्हणजे ते यष्टीवर एक रुपयाचें नाणें ठेवीत. जो गोलंदाज त्या मुलाला बाद करील त्याचें तें नाणें; कोणीच बाद करूं शकला नाहीं तर तें फलंदाजाचें. सचिन तेंडुलकर यांनीं अशीं १३ नाणीं मिळविलीं, आणि पुढें लक्षावधि रुपयांचीं बक्षिसें मिळाल्यावरहि त्या तेरा रुपयांचें मोल त्यांना अधिक वाटत आलें.

या गुरूची परीक्षा खेळापुरती नव्हती. तेंडुलकर शाळेकडून पहिला सामना खेळले तेव्हां त्यांच्या २४ धांवा झाल्या. वर्तमानपत्रांत नांव छापून येण्यास ३० धांवा लागत. धांवा लिहिणाऱ्या गृहस्थानें सलोख्यानें सुचविलें कीं, अवांतर धांवांतील सहा तुझ्या नांवावर टाकतों, म्हणजे उद्यां नांव छापून येईल. संघाच्या एकूण संख्येंत कांहींच फरक पडणार नव्हता. मुलानें मान डोलाविली. दुसऱ्या दिवशीं नांव छापून आलें, आणि गुरुजींचा राग असा अनावर झाला कीं तो मुलगा तें जन्मभर विसरला नाहीं. ज्या धांवा आपण काढल्या नाहींत त्या आपल्या नव्हेत, हा धडा कोणत्याहि अंकगणिताच्या पुस्तकांत नसतो.

अशा शाळेकडे मुलें आपोआप ओढलीं जात. तेंडुलकर मूळचे वांद्र्याच्या साहित्य सहवासांतले. वडील रमेश तेंडुलकर हे दादरच्या कीर्ति महाविद्यालयांत मराठीचे प्राध्यापक व कवि. थोरले बंधु अजित यांनीं १९८४ सालीं या मुलाला शिवाजी पार्कवर आचरेकरांपुढें उभें केलें. मुलाच्या शाळेचा क्रिकेट संघ बलिष्ठ नव्हता. तेव्हां आचरेकरांनीं शाळा बदलण्याचा सल्ला दिला. वडिलांनीं निर्णय मुलावर सोंपविला, आणि तो शारदाश्रमांत आला. येण्याजाण्यांत वेळ जाऊं नये म्हणून पुढें कांहीं वर्षें तो शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहिला. विनोद कांबळी कांजूरमार्गच्या गरीब वस्तींतून लोकलच्या गर्दींत खेळाची अवजड पिशवी सांभाळीत येत. अजित आगरकर बालमोहनमधून येथें आले. २००२ सालीं लॉर्ड्सवर त्यांनीं कसोटी शतक झळकाविलें आणि २०२३ मध्यें ते राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष झाले. दादर हें पश्चिम आणि मध्य या दोन्ही लोहमार्गांचें मिलनस्थान असल्यामुळें वांद्र्याचा मुलगा आणि कांजूरचा मुलगा एकाच जाळ्यांत सराव करूं शकले.

येथें एक आक्षेप घेतां येईल, आणि तो रास्तहि आहे. दुसऱ्या शाळेंतला तयार होऊं घातलेला मुलगा आपल्या शाळेंत आणावयाचा आणि त्याच्या कीर्तीवर आपला हक्क सांगावयाचा, हें कितपत योग्य? त्याच्या मूळ शाळेनें त्याला अक्षरें शिकविलीं, शिस्त लावली. तिच्या वांट्याला काय आलें? या आक्षेपाला उत्तर इतकेंच कीं, शाळा कोणालाहि प्रतिभा देत नाहीं. ती फक्त संधि देते. तासांतून सुटी देणें, सामन्यासाठीं परीक्षेची अडचण सांभाळून घेणें, बाराव्या वर्षाच्या मुलाला सोळा वर्षांच्या मुलांबरोबर उतरविण्याचें धाडस करणें, हीं कामें कोणा तरी मुख्याध्यापकाला करावीं लागतात. तीं शारदाश्रमानें केलीं. परंतु त्याबरोबरच हेंहि मान्य केलें पाहिजे कीं, शाळेचें नांव मोठें करणारा मुलगा हा नेहमीं अनेक हातांनीं घडविलेला असतो.

आतां फेब्रुवारी १९८८ मधील त्या सामन्याकडे वळावें. स्थळ आझाद मैदान. हॅरिस ढालीची उपांत्य फेरी. एका बाजूला शारदाश्रम, दुसऱ्या बाजूला गावसकरांची जुनी शाळा सेंट झेवियर्स. शारदाश्रमाचा कर्णधार तेंडुलकर, वय १४. त्याचा जोडीदार कांबळी, वय १६. दोन गडी बाद ८४ धांवा झाल्या असतां हे दोघे एकत्र आले. संध्याकाळ झाली, ते खेळतच होते. दुसरा दिवस उजाडला, ते खेळतच होते. मैदानाच्या कडेला साहाय्यक शिक्षक लक्ष्मण चव्हाण डाव सोडण्याची खूण करून करून थकले. परंतु मुलें त्यांच्याकडे पाहीनात. जेवणाच्या सुटींत कर्णधाराला आचरेकरांकडे दूरध्वनि करावा लागला. आज्ञा झाली कीं डाव सोडावा. कांबळी ३४९ वर होते. एकच धांव काढूं द्यावी अशी त्यांनीं विनवणी केली, ती मान्य झाली नाहीं. २ बाद ७४८ वर डाव संपला. कांबळी नाबाद ३४९, तेंडुलकर नाबाद ३२६, आणि दोघांची अभंग भागी ६६४ धांवांची. नंतर कांबळींनींच ३७ धांवांत ६ गडी बाद करून झेवियर्सचा डाव १४५ वर गुंडाळला.

त्या काळीं जगांत कोणत्याहि सामन्यांत दोन फलंदाजांनीं मिळून इतक्या धांवा काढल्याची नोंद नव्हती. १८ वर्षांनीं, २००६ सालीं, हैदराबादच्या दोन शाळकरी मुलांनीं ७२१ धांवांची भागी करून तो विक्रम मोडला. परंतु ६६४ हा आंकडा मराठी घरांतून घरच्या पत्त्यासारखा पाठ झाला. त्याच मुलांपैकीं एक पुढल्या वर्षीं नोव्हेंबरांत कराचीला कसोटी खेळला, तेव्हां त्याचें वय १६ होतें. तो २०० कसोट्या आणि १०० आंतरराष्ट्रीय शतकें पुरीं करून २०१३ मध्यें वानखेडे मैदानावरून परतला, आणि भारतरत्न ठरला. दुसऱ्यानें १९९३ मध्यें लागोपाठच्या दोन कसोटींत २२४ व २२७ अशीं द्विशतकें काढलीं, १७ कसोटींत ५४ हून अधिक सरासरीनें १०८४ धांवा केल्या, आणि १९९५ नंतर त्याला पुन्हां कसोटी खेळावयास मिळाली नाहीं. एकाच मैदानावर, एकाच गुरूच्या हाताखालीं, एकाच दिवशीं उगवलेले हे दोन अंकुर. परंतु त्यांचीं झाडें सारखीं वाढलीं नाहींत. शाळा बीज पेरते, पाणीहि घालते. ऋतु तिच्या हातीं नसतात.

मात्र त्या दोन दिवसांचा इतिहास या दोन नांवांनीं पुरा होत नाहीं. तंबूंत आणखी एक मुलगा बसला होता. फलंदाजीचा पुढील क्रम त्याचा. गडी केव्हांहि बाद होईल म्हणून त्यानें पायांना पॅड बांधले होते, हातमोजे चढविले होते, बॅट मांडीवर घेतली होती. असा तो पहिल्या दिवशीं बसला आणि दुसऱ्या दिवशींहि बसला. ६६४ धांवा होईपर्यंत गडी बाद झाला नाहीं. नंतर डावच सोडला गेला. या मुलाचें नांव अमोल मुझुमदार, वय १३. धांवफलकावर त्या दिवशीं त्याच्या नांवापुढें शून्यहि लिहिलें गेलें नाहीं. कारण शून्य लिहिण्यासाठींसुद्धां मैदानावर जावें लागतें.

समोरच्या संघांत सैराज बहुतुले नांवाचा फिरकी गोलंदाज होता. त्या उन्हांत षटकांमागून षटकें टाकून त्याला दीडशेंहून अधिक धांवा मोजाव्या लागल्या. अशा दिवशीं चेंडू कायमचा खालीं ठेवावासा वाटला असता तर नवल नव्हतें. त्यानें तो ठेवला नाहीं. हाच बहुतुले पुढें मुंबईचा भरंवशाचा गोलंदाज झाला आणि २००१ सालीं भारताकडून कसोटी खेळला. शारदाश्रमाच्या विक्रमाइतकाच हा झेवियर्सचाहि अभिमान आहे. परंतु तो कोणत्याहि फलकावर कोरलेला नाहीं.

मुझुमदारांची वाट पाहणें त्या दिवशीं संपलें नाहीं. फेब्रुवारी १९९४ मध्यें, १९ व्या वर्षीं, त्यांनीं मुंबईकडून पहिल्याच रणजी सामन्यांत हरयाणाविरुद्ध २६० धांवा काढल्या. पदार्पणांत इतक्या धांवा तोंपर्यंत जगांत कोणीं काढल्या नव्हत्या. आतां भारताचा संघ दूर नाहीं असें सर्वांना वाटलें. परंतु मधल्या फळींतील जागा एकामागून एक भरत गेल्या; तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण यांच्या त्या जागा. मुझुमदार खेळत राहिले. २००६-०७ सालीं त्यांच्या नेतृत्वाखालीं मुंबईनें रणजी करंडक जिंकला. २०१४ मध्यें ते निवृत्त झाले तेव्हां १७१ प्रथम श्रेणी सामन्यांत ११,१६७ धांवा आणि ३० शतकें त्यांच्या नांवावर होतीं. भारताकडून एकहि सामना नव्हता. वीस वर्षें पॅड बांधून तंबूंत बसण्याचाच हा प्रकार.

शारदाश्रमांतील दुसरी एक गोष्ट येथें आठवते. शाळेच्या इंग्रजी आणि मराठी शाखांमध्यें हॅरिस ढालीचा अंतिम सामना वानखेडे मैदानावर होता. लहानगा तेंडुलकर स्वतःचा नेमलेला सामना चुकवून तेथें आपल्या शाळेला प्रोत्साहन देण्यास गेला. आचरेकरांनीं त्याला पाहिलें आणि कठोर शब्दांत बजाविलें कीं, दुसऱ्यांसाठीं टाळ्या वाजवावयास तूं येथें येऊं नयेस. दुसऱ्यांनीं तुझ्यासाठीं टाळ्या वाजवाव्या असें तूं खेळावें. त्या मुलापुरता तो उपदेश योग्यच होता. परंतु प्रत्येक विद्यार्थ्याला तो लागू केला तर शाळेंत टाळ्या वाजविणारा कोणी उरावयाचा नाहीं. आणि टाळ्या मनापासून वाजवितां येणें हेंहि शिक्षणच आहे. दोन दिवस पॅड बांधून बसलेला मुलगा दुसऱ्यांचे फटके पाहत होता, हेवा न करितां मोजीत होता, तेव्हां तो जें शिकला त्याचा उपयोग पुढें दिसून आला.

ऑक्टोबर २०२३ मध्यें मुझुमदार भारताच्या महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. ३० ऑक्टोबर २०२५ रोजीं नवी मुंबईंत विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यांत ऑस्ट्रेलियानें ३३८ धांवा केल्या असतां मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जनें नाबाद १२७ धांवा काढून सामना जिंकून दिला. २ नोव्हेंबरला त्याच मैदानावर भारतानें दक्षिण आफ्रिकेचा ५२ धांवांनीं पराभव केला आणि महिलांचा विश्वचषक प्रथमच भारतांत आला. त्या संघाची उपकर्णधार सांगलीची स्मृति मानधना, आणि कर्णधार हरमनप्रीत कौर. विजयानंतर कर्णधारानें वांकून आपल्या प्रशिक्षकांच्या पायांना हात लावला. ज्याला भारताची टोपी कधींच मिळाली नाहीं, त्याच्या हाताखालीं भारत जगज्जेता झाला. १९८८ च्या त्या तंबूपासून या क्षणापर्यंत ३७ वर्षांहून अधिक काळ लोटला होता. दीर्घ काळ वाट पाहिलेल्या माणसालाच वाट पाहणाऱ्यांचें मन कळतें.

उपनगरी शाळांनीं या कथेची दुसरी बाजूहि ध्यानांत ठेवावयास हवी. जानेवारी २०१६ मध्यें कल्याणच्या के. सी. गांधी शाळेकडून खेळतांना प्रणव धनावडे या रिक्षाचालकाच्या मुलानें एकट्यानें नाबाद १००९ धांवा काढल्या. इंग्लंडमध्यें १८९९ सालीं कॉलिन्स या शाळकरी मुलानें काढलेल्या नाबाद ६२८ धांवांचा विक्रम ११६ वर्षांनीं मोडला. सर्व देशानें कौतुक केलें, आणि तें योग्यच होतें. परंतु समोरच्या शाळेचा डाव एकदां ३१ वर आणि एकदां ५२ वर संपला होता. त्या पराभूत मुलांचें त्या दोन दिवसांत काय झालें असेल, हें विचारणारे थोडे निघाले. आणि ज्या मुलाच्या डोक्यावर एका दिवसांत हजार धांवांचें ओझें ठेवलें गेलें, त्याला पुढचा प्रत्येक डाव लहानच वाटणार, हेंहि कोणाच्या मनांत आलें नाहीं. विक्रम ही शाळेची कमाई खरी. परंतु तो मुलाचें कर्ज होऊं नये, हें पाहण्याची जबाबदारीहि शाळेचीच.

आचरेकर २ जानेवारी २०१९ रोजीं वारले. ३ डिसेंबर २०२४ रोजीं शिवाजी पार्कवर त्यांच्या स्मारकाचें अनावरण झालें. स्मारकांत त्यांची प्रसिद्ध टोपी आहे, बॅट आणि चेंडू आहेत. तें ज्या मैदानावर उभें आहे तें अजूनहि कोणाच्या एकट्याच्या मालकीचें नाहीं. पहांटे तेथें अनेक संघांचीं जाळीं लागतात, एकाच्या क्षेत्ररक्षकाच्या पाठीशीं दुसऱ्याचा गोलंदाज धांवत येतो, आणि कोणता चेंडू कोणाचा हें मुलांना बरोबर कळतें.

देवपुरासारख्या वस्तींतील शाळेला दादरपासून घेण्यासारखें काय आहे? विश्वविख्यात खेळाडू घडविण्याची प्रतिज्ञा कोणत्याहि शाळेनें करूं नये. तें नशिबाचें दान आहे. परंतु तीन गोष्टी प्रत्येक गांवाच्या हातच्या आहेत. पहिली म्हणजे घरें बांधण्याच्या घाईंत मुलांसाठीं एक मैदान मोकळें ठेवणें, आणि तें सर्वांचें ठेवणें. दुसरी म्हणजे न काढलेल्या सहा धांवा मुलाच्या नांवावर न लिहिणारा एक शिक्षक त्या मैदानावर उभा करणें. आणि तिसरी म्हणजे शाळेच्या भिंतीवर माजी विद्यार्थ्यांचीं नांवें कोरतांना, त्या सामन्याच्या दिवशीं तंबूंत पॅड बांधून कोण बसला होता, याचीहि एकदां चौकशी करणें.